नावेचं वारनिस

"अवो, पोरीले धरा! ओलं हाय अजून!"

राहीबाई ओरडली तेव्हा चिमीचा हात नावेच्या काठापासून चार बोटांवर होता. मी ब्रशाकडे बघत उभी होते. कडेवरची पोर कधी खाली वाकली, ते कळलंच नाही. मी तिला झटक्यानं मागे ओढलं, तशी तिनं भोकाड पसरलं. नावेच्या पलीकडे वल्हं मांडीवर घेऊन बसलेल्या चंपतरावांनी मान वर केली आणि विचारलं, "कोन हाये व?"

सकाळची वेळ. शेडचं दार सताड उघडं. मी त्यांच्या अगदी समोर उभी होते.

"ओरसेरबाई हाये अन् पोरगी हाये," राहीबाई घाईघाईनं म्हणाली. "तुमी घासा ना वल्हं."

"या, या बाईसाहेब," चंपतराव हसले. "उन्हानं डोये दिपून जाते. वळखू नाई आलं."

शेडमध्ये ऊन नव्हतं. बाहेरही नव्हतं. आठवडाभर बोथच्या बाजूनं ढग येत होते आणि तलावावर ठाण मांडून बसत होते.

यांची त्या तलावावर सबओव्हरसीअर म्हणून नेमणूक झाली, तेव्हा चिमी पाळण्यात होती. क्वार्टर बांधाच्या पायथ्याशी, समोर सरकारी बंगला, बंगल्याला लागून नावेची शेड आणि शेडच्या मागच्या खोलीत चंपतराव आणि राहीबाई. गाव बांधाच्या पलीकडे. डॉक्टर तालुक्याला, बोथला. मी अमरावतीला बी.ए. झालेली; परीक्षेच्या पेपरांना कधी घाबरले नाही. पण इथे आल्यापासून मला सगळ्याची भीती वाटायची. पाण्याची, विंचवाची, चिमीच्या खोकल्याची, तिच्या न खोकण्याची. दिवसभर मी नुसती बघत असायची. माणूस बघतच राहिला की नको ते दिसतं.

मला दिसलं ते असं: चंपतराव काम करत होते. नावेच्या काठावरून सगळीकडे फिरणारी सागवानी पट्टी, बाकांच्या पाठी, सुकाणूचा दांडा, सगळ्यावरचं जुनं वारनिस त्यांनीच काचेच्या तुकड्यानं खरवडलं होतं. काचकागदानं घासायचं कामही त्यांचंच. पण ब्रश राहीबाईच्या हातात होता. ती लाकडाच्या रेषेनं एक लांब हात द्यायची, थांबायची, तिरपी मान करून उजेडात बघायची. चंपतराव कधी बघत नव्हते. वारनिसाचा हात वाळला की ते पट्टीवरून बोटांची मागची बाजू फिरवायचे. "इथी राह्यलं व बुढे."

"नाई राह्यलं."

"म्या सांगून राह्यलो न."

"थे डास चिपकला हाये. वारनिस नाई राह्यलं."

दोघं असे भांडायला लागले की मला बरं वाटायचं. नावेबद्दल यांनी मला सांगितलं होतं. निजामाच्या वेळेला इथल्या एका तालुकदाराला बदकं मारायचा नाद होता. त्यानं ती कुठूनशी मागवली आणि दोन बैलगाड्या एकाला एक जोडून इथपर्यंत आणवली. खालचं अंग पत्र्याचं, पांढऱ्या रंगाचं, आणि काठाची पट्टी मधासारखी. तालुकदार गेला, त्याचं राज्यही गेलं, पण नाव राहिली, आणि नावेबरोबर चंपतराव. दर उन्हाळ्यात गावातले बैल तिला ओढून शेडमध्ये आणायचे, नवीन वारनिस व्हायचं आणि पाणी चढलं की ती परत तलावात जायची. यंदा उन्हाळ्यात वारनिस वेळेवर आलं नाही. आलं ते श्रावणात, आणि त्याच्या मागोमाग निरोप आला की मोठे साहेब येणार आहेत.

दुसऱ्या दिवशी राहीबाई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. पदरात अंबाडीची भाजी होती. ती तिनं सुपात टाकली आणि नुसतीच बसून राहिली.

"बाईसाहेब, तुमी काल पाह्यलं न?"

मी तवा खाली ठेवला. "दिसत नाही का त्यांना?"

"उजेड-अंधार समजते. मानूस नाई समजत." तिनं भाजीचं एक देठ मोडलं. "आदिलाबादच्या दवाखान्यात दाखोलं. डाक्टर म्हने, आता काई नाई होत. चौथं वर्स हाय."

"आणि कुणालाच माहीत नाही?"

"काऊन सांगू? सरकारी मुलाजमत गेली का खोली गेली. पोरगी हाय किनवटले, जवाई चांगला हाय, पन जवायाच्या घरी किती दिवस रायते मानूस?" मग तिनं आवाज खाली आणला. "आता राज्य बदलून राह्यलं म्हन्ते. इकडचे लोक तिकडे, तिकडचे इकडे. कोनाले ठेवाचं, कोनाले काढाचं, थे थो साहेब पाहून जाईन. एकडाव बुढ्याचं नाव पक्कं झालं का मंग चिंता नाई. तुमी तुमच्या साहेबाले सांगू नोका, माय."

"अहो, पण नाव कोण चालवतं?"

"थेच."

"न दिसता?"

"वल्हं हातानं मारते बाई, डोयानं थोडी मारते!" ती पहिल्यांदा हसली. मग तिनं मला सांगितलं. चंपतराव नाव घेऊन गेले की ती तलावाच्या पायऱ्यांच्या बाजूच्या दगडावर धुणं धुवायला बसते. मोगरीचा आवाज पाण्यावरून लांब जातो. त्या आवाजावर ते परत येतात. "साहेब लोक म्हन्ते, या बाईचं धुनं कदी सरतच नाई."

मी हसले, पण मग मला आठवलं. साहेब बांधाचा दगडी उतार पाण्याच्या बाजूनं बघणार होते. म्हणजे नावेतून. आणि साहेबांबरोबर त्या नावेत हे बसणार होते.

यांना सांगायचं मी रोज ठरवत होते. जेवताना यांच्या बोलण्यात दुसरं काही नसायचं. भाषेप्रमाणे राज्यं पाडली जाणार होती; आपण मराठीच्या मुंबई राज्यात जायचं म्हणून लिहून द्यावं की इथेच, तेलुगूच्या बाजूला राहावं? चिमीची शाळा कुठल्या भाषेत होईल? "साहेबांची भेट नीट पार पडली की बरं," हे म्हणायचे. "नाव तयार होईल ना? तू असतेस ना तिकडे सारखी."

"होईल. शेवटचा एक हात राहिला आहे."

"चंपतरावांचं काम चांगलं असतं," हे म्हणाले आणि भाकरी मोडली.

मी यांच्या ताटात भाजी वाढली.

शेवटचा हात पोळ्यानंतर द्यायचा होता. पोळ्याच्या दिवशी थोडी उघाड पडली. राहीबाई सकाळीच गावात गेली होती. मी चिमीला घेऊन ओट्यावर बसले होते, आणि बांधावरून बैल यायला लागले. धुतलेले, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झुली. पुढे मारोतरावांची जोडी. मारोतराव गावातले मोठे शेतकरी, पण त्या दिवशी त्यांच्या हातात वाटी होती.

"चंपतदादा, आमचा वाटा काढा गा."

"काढतो ना जी. आना जोडी."

मला रीत माहीत नव्हती. मागून एका म्हातारबांनी मला समजावलं. नाव ओढणाऱ्या बैलांच्या शिंगांना पोळ्याला नावेचं वारनिस लावायचं, हे तालुकदाराच्या वेळेपासून चालत आलं होतं. शिंगं काचेनं साळून गुळगुळीत करायची, तेलाचा हात द्यायचा, वरून वारनिस. "बाजारातला रंग पंधरा दिसांत उडते. हे उडत नाई." उन्हाळ्यात काम झालं की डब्यात उरलेलं पोळ्यापर्यंत ठेवलेलं असायचं. यंदा उरलेलं काही नव्हतंच. यंदा काम संपायचं होतं.

चंपतराव डबा घेऊन शेडच्या दारात बसले. बैलाचं शिंग डाव्या हातानं चाचपायचं, उजव्या हातानं चिंधीचा बोळा फिरवायचा. मारोतरावांची जोडी झाली. तिच्या मागे दुसरी आली. तिच्या मागे तिसरी. त्या जोडीनं नाव ओढल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"काय गा चंपतदादा, राज्य बदललं तरी वारनिस नाई न बदलत?"

"बैल कुठी बदलते, तं वारनिस बदलीन!"

लोक हसले. रांग वाढत होती. ज्यांचा नावेशी काही संबंध नव्हता असेही आपापली जोडी घेऊन उभे राहिले, कारण आज चंपतराव कुणाला नाही म्हणत नव्हते. ते आज खुशीत आहेत, असंच सगळ्यांना वाटलं. मला एकटीला माहीत होतं की त्यांना रांग दिसत नाही.

मी उठून शेडशी गेले. "चंपतराव, नाव व्हायची आहे अजून."

"हाये बाईसाहेब, हाये." त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला. "दोनी आंगचं निंगते आरामात. अन् हे पाहा, नाव कोन वढते? तुमी वढता का म्या वढतो? यायनं वढाचं अन् यायचेच शिंगं कोरडे ठिवाचे?"

चिमी एका बैलाच्या घुंगरांकडे हात करत होती. मला त्या शिंगांची भीती वाटली आणि मी तिला घेऊन ओट्यावर परत आले.

दुपारी राहीबाई आली. तिनं डबा उचलला, आत बघितलं आणि तो पालथा धरला. डब्याच्या काठावरून एक जाड थेंब सावकाश निघाला. तिनं डबा चटकन सरळ केला.

"किती जोड्या झाल्या व?"

"मारोतरावाची झाली. अन् मंग ज्यायनं वढली त्यायची."

"आख्खा गाव शिंगं चमकवत हिंडून राह्यला! बांधावरून आली म्या. पाटलाचे, तेल्याचे, त्या पलीकडच्या वाडीचे! त्यायनं नाव पाह्यली तरी होती का कदी?"

चंपतरावांनी बोळा खाली ठेवला. मग म्हणाले, "मले काय मालूम. सारे बैल सारखेच फुरफुर करते."

राहीबाईनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मग हसता हसता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले, आणि मी दुसरीकडे बघितलं.

बोथच्या दुकानात तसं वारनिस मिळत नव्हतं. होतं तेवढ्यात नावेचं एकच अंग झालं असतं. दोघांनी बसून ठरवलं. पायऱ्यांकडे जे अंग येतं, साहेब ज्या अंगावर हात ठेवून चढतील, त्याला शेवटचा हात द्यायचा. दुसरं अंग पाण्याकडे राहील. शेगडी पेटवून शेड कोरडी केली आणि राहीबाईनं तो हात दिला. त्या दिवशी तिनं मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. चालण्यानं धूळ उडते म्हणाली. मी दाराबाहेरून बघितलं. ती श्वास रोखून ब्रश ओढत होती आणि चंपतराव नावेच्या दुसऱ्या टोकाला, ब्रशाच्या आवाजाकडे कान करून बसले होते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मारोतरावांच्या जोडीनं नाव पाण्यात उतरवली. मी यांना अजून सांगितलं नव्हतं. पण मी एक ठरवलं होतं. मी शेडशी गेले आणि म्हणाले, "चंपतराव, मला फिरवून आणा."

राहीबाई माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. तिनं चिमीची झोळी जांभळाच्या फांदीला बांधली, स्वतः दगडावर बसली आणि कोरडंच लुगडं भिजवून धुवायला घेतलं.

मी बाकावर बसले. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. तो गार आणि काचेसारखा गुळगुळीत होता. किनारा मागे जाताना मला चिमीची झोळी एवढीशी दिसायला लागली, आणि मी परत फिरवा म्हणणार होते. पण चंपतराव बोलत होते. डावीकडे बुडालेली बाभूळ हाये, इथी पानी थंड लागते, इथून बांध सुरू होते. सगळं होतं तसंच सांगत होते. त्यांचा चेहरा पाण्याकडे नव्हता, थोडासा वर होता. मागून मोगरीचा आवाज येत होता. धप. धप. धप. मधेच तो थांबला. बहुतेक चिमी रडली असावी. चंपतरावांची वल्ही पण थांबली. आवाज परत सुरू झाला, तशी ती परत पाण्यात गेली.

"पायरी आली, बाईसाहेब. उतरा."

पायरी खरंच आली होती. मी उतरले, चिमीला झोळीतून काढलं आणि घरी गेले. यांना काही सांगितलं नाही.

साहेब आले ते जीपमधून. उंच, पांढऱ्या शर्टाचे, मद्रासकडून आलेले. बांधावर मारोतरावांच्या गाडीमागे जीप अडकली होती, आणि उतरताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या बैलांचा. "इनके सींगों पे क्या लगाया है? बागुंदि. बहुत बागुंदि." तेलुगूत म्हणजे, छान आहे. हे नुसते हसले. यांना काहीच माहीत नव्हतं.

साहेब चढताना त्यांनी काठावर हात ठेवला आणि तसाच तो पुढपर्यंत नेला. मी जांभळाखाली चिमीला घेऊन उभी होते. हे त्यांच्या मागोमाग चढले. यांचा पाय घसरल्यासारखा झाला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, पण तो कुणी ऐकला नाही. राहीबाईनं मोगरी उचलली.

नाव बांधाच्या लांबच्या टोकाला गेली आणि वारा सुटला. आमच्याकडून तिकडे नाही, तिकडून आमच्याकडे. झाडाची पानं उलटी झाली. मोगरीचा आवाज जिथल्या तिथे पडायला लागला. लांबवर नाव वळताना दिसली आणि मग अर्धवट वळून तशीच राहिली. वल्ही वर उचललेली होती. ते ऐकत होते.

"नाई जाऊन राह्यला आवाज," राहीबाई म्हणाली. तिचं कपाळ भिजलं होतं. ती दोन्ही हातांनी मोगरी हाणत होती.

मी चिमीला झोळीत टाकलं. तिला बांधलं सुद्धा नाही नीट. दगडाशी दुसरी मोगरी पडली होती. मी साडीचा ओचा खोचला आणि राहीबाईच्या शेजारी बसून हाणायला लागले. आधी आमचे ठोके मागेपुढे पडत होते. मग ते एकत्र पडायला लागले. माझ्या अंगावर पाणी उडत होतं, केस सुटले होते. नावेत यांनी मान वळवून बघितलं. आपली बी.ए. झालेली बायको मोठ्या साहेबांसमोर चाकरांच्या दगडावर धुणं बडवते आहे, हे यांना एवढ्या लांबूनही दिसलं असणार.

वल्ही खाली आली. नाव वळली.

जवळ येताना वाऱ्यानं तिला फिरवलं आणि पायऱ्यांशी तिचं दुसरं अंग आलं. राहीबाईच्या ते लक्षात आलं. "दोर धरतो म्या," म्हणून ती उठून पायऱ्यांवर धावली. "तुमी मारत राहा." मी मारत राहिले. नाव पायरीला टेकली.

साहेब उतरले. उतरताना त्यांचा हात ह्या अंगावर पडला आणि ते थांबले. वाकून बघितलं. पलीकडचा काठ मधासारखा चमकत होता, हा नुसता पिवळट होता.

"यह ऐसा क्यों?"

यांचा चेहरा उतरला. चंपतराव नावेत उभे होते, एक पाय पायरीवर. "बैलों को दे दिया, साब. पोळे के दिन. नाव वोही खींचते."

हे डोळे मिटून उभे राहिले. साहेब बांधाकडे बघत राहिले. मग हसायला लागले. मोठ्यानं. आमच्या गावीही सणाला बैलांची शिंगं रंगवतात, असं काहीतरी ते म्हणाले. मग नावेत परत वाकून त्यांनी चांगल्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाले, "लेकिन यह काम! मैंने बंदरगाह पे भी ऐसा नहीं देखा. तुम्हारा है? तुम रहोगे. मैं खुद बोलूँगा."

झालं होतं. एवढंच हवं होतं. चंपतरावांनी फक्त मान हलवायची होती.

त्यांनी हलवली नाही. ते काठाची पट्टी चाचपत होते, बोटांच्या मागच्या बाजूनं. इतकी वर्षं त्यांच्या कामाला कुणी असं म्हणालं नसेल, आणि आता म्हणालं ते त्यांचं नव्हतं.

"मेरा नै, साब," ते म्हणाले. "घासना मेरा. यह उसका काम है. वह मेरी घरवाली."

आणि त्यांनी धुण्याच्या दगडाकडे हात केला. माझ्याकडे.

माझ्या हातात मोगरी होती. ती मी अजून हाणत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, मग चंपतरावांकडे. ते माझ्याकडेच तोंड करून, हात तसाच लांब धरून उभे होते. अभिमानानं. राहीबाई त्यांच्या कोपराशी उभी होती, हातात दोर घेऊन.

माझी मोगरी थांबली.

"मी इथी हाये," राहीबाई हळूच म्हणाली.

चंपतरावांचा हात खाली आला. तलावाचं पाणी नावेखाली चुबुक चुबुक करत होतं. साहेबांनी विचारलं, "कब से?" आणि चंपतरावांनी सांगितलं. साहेबांनी नावेवरचा हात काढून घेतला. मग राहीबाईकडे वळून त्यांनी मान लववली, थोडीशीच. "अच्छा काम है, अम्मा." आणि जीपकडे चालायला लागले.

जीप गेल्यावर यांनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नावेत बसू दिलंस."

"आदल्या दिवशी मी बसून बघितलं होतं."

हे वळले. मग झोळीशी गेले, चिमी अर्धी बाहेर लोंबकळत होती, तिला उचललं आणि घराकडे चालू लागले.

साहेब वाईट नव्हते. पण ज्याला दिसत नाही त्याच्या हाती सरकारी नाव देता येत नाही, आणि वारनिस मारणारी बाई अशी जागा कुठल्याच राज्यात नव्हती. यांनी खटपट करून दिवाळीपर्यंत खोली राहू दिली. नंतर दोघं किनवटला लेकीकडे गेली. ती गेली त्या आठवड्यात आम्हीही आदिलाबादला आलो. यांनी शेवटी इथेच राहायचं ठरवलं होतं. तोवर किनवट दुसऱ्या राज्यात गेलं होतं.

थंडीत एकदा मी चिमीला घेऊन कापसाच्या बाजाराजवळून चालले होते. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. मराठी, तेलुगू, उर्दू, सगळ्यांचा एकच कालवा. त्या गर्दीत उन्हात काहीतरी चमकलं. बाकीच्या बैलांचे पोळ्याचे रंग केव्हाच उडून गेले होते. ह्या एका जोडीची शिंगं मधासारखी होती.

मारोतराव गाडीवरून उतरले. "बाईसाहेब! पोरगी मोठी झाली की!"

मी नावेबद्दल विचारलं. "हाये. सारीले हिरवा आइलपेंट मारला. पट्टीले बी. काई समजत नाई आता, कुठी लाकूड हाये अन् कुठी पत्रा."

"आणि ती दोघं?"

"माह्याच गाडीत पोचोले किनवटले. हेच बैल होते." त्यांनी बैलाच्या मानेवर थाप मारली. "उतरल्यावर बुढ्यानं दोघाईचे शिंगं चाचपले. बराच वेळ. मले वाटलं काई बोलते. तं म्हने, मारोतराव, एक हात अजून पायजे होता."

"आणि राहीबाई?"

"थे म्हने, नाई पायजे होता. चला आता, पोरगी वाट पाहून राह्यली."

गाड्यांची रांग पुढे सरकायला लागली होती. चिमीनं हात पुढे केला. शिंगाचं टोक अणकुचीदार होतं, बैल अनोळखी होता, मागून हमाल ओरडत होते. मी एक पाऊल पुढे झाले आणि तिला वर उचललं. तिनं सगळा पंजा शिंगावर ठेवला. बैल हलला नाही.

मग मी तिचा तळवा उलटून बघितला. त्याला काहीच लागलं नव्हतं.